पारवा उजव्या बाजूचा

आमच्या हरण्याला बोलता येत नाही, हे मी त्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. मला वाटलं, एवढं त्याला ठाऊक असेल.

तो आला तेव्हा आषाढ लागून चार दिवस झाले होते. कपाशी वीतभर वर आली होती. दोन दिवस उघडीप होती आणि माझा मुलगा भटू रोज सकाळी बांधावर बसून मातीचं ढेकूळ हातात चुरून बघत होता. माती बोटांना चिकटायची थांबली की तण काढायला कोळपं घालायचं. अशा वेळी दारात पांढरी गाडी येऊन उभी राहिली. तीन मुलं आणि एक मुलगी उतरली. पुढच्या मुलाने केस मागे बांधले होते. तो वाकून माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "आज्जी, मी अनुज. लाडकुंवरबाईंचा पणतू."

हे नाव घेऊन कोणी आमच्या दारात आलं तर त्याला नाही म्हणता येत नाही. लाडकुंवरबाईंचं किराणा दुकान चाळीस वर्षं आमच्या घरासमोर होतं. मी सतरा वर्षांची लग्न होऊन आले तेव्हा सासूने मला हाताला धरून आधी देवळात नेलं आणि मग त्यांच्या ओट्यावर. दुष्काळाच्या साली सगळं गाव खडी फोडायला जायचं, तेव्हा माझा थोरला त्यांच्या पाळण्यात निजायचा. दुकान उचलून ते लोक जळगावला गेले, त्या दिवशी बाईंनी आपली शेवंती गाय आमच्या गोठ्यात आणून बांधली. शहरात तिचे हाल होतील, म्हणाल्या. दावं माझ्या हातात देताना त्यांनी तोंड फिरवून घेतलं होतं. आमचे बैल, हरण्या आणि पारवा, शेवंतीच्याच वंशातले. एका गायीचे, दीड वर्षाच्या अंतराने झालेले. हरण्या तांबूस, पारवा राखी.

अनुजला ही गोष्ट आजोबांकडून कळली होती. तो म्हणाला, मी सिनेमा करतोय, तो सगळा बैल सांगणार आहे. बैलाला जसं दिसतं तसंच पडद्यावर दिसणार आणि बैलाच्या मनातलं आपल्याला ऐकू येणार. माणसं त्यात फक्त पाय, हात, आवाज. माझी नात डिंपल एरंडोलच्या कॉलेजात जाते. ती म्हणाली, आजी, असा सिनेमा परदेशात दाखवतात. भटूची बायको लताबाई चहा ठेवायला आत गेली. भटू डोकं खाजवत उभा राहिला. कोळपणीचे दिवस होते, बैल मोकळे नव्हते. अनुज म्हणाला, तुमचं काम चालू दे, आम्ही मागे मागे राहू.

संध्याकाळी भटू मला म्हणाला, "माय, लाडकुंवर मायना पंतू शे तो. त्याले नही कसं म्हनानं?"

मीही हो म्हटलं. ते माझंही बोलणं होतं, हे मी विसरत नाही.

गावात आता अकरा बैलजोड्या राहिल्या आहेत. मी आले तेव्हा पोळ्याला वेशीत बैल मावत नसत. त्या अकरांत आमची जोडी उजवी, हे कोणीही सांगेल. म्हणून भटूला अभिमानही वाटला. शेजारचा प्रेमराज लोडिंग रिक्षा चालवतो, त्याची जीभ मोकळी. तो ओट्यावरून म्हणाला, "भटू भो, तुना बैल आते हिरो व्हयना. तुले काय बनाडतस, व्हिलन?" सगळे हसले. भटूही हसला.

दुसऱ्या दिवशी वाफसा आला, माती मोकळी झाली. आम्ही सहा वाजता शेतात गेलो, ते लोक आठ वाजता आले. कोळपणीचं जू लांब असतं. मधल्या तासातून, म्हणजे दोन ओळींमधल्या पट्टीतून, कोळपं चालतं आणि दोन्ही बैल दोन्हीकडच्या तासांतून, कपाशीच्या ओळींना पाय न लावता चालतात. तोंडाला मुसकं बांधावं लागतं, नाहीतर दोन पावलं झाली की शेंडा गेला. हे काम नव्या बैलाला जमत नाही. हरण्या आणि पारवा सात वर्षं ते करत होते. तासाच्या टोकाला भटू नुसतं तोंडाने 'च्' करायचा आणि दोघं वळायचे. आतला थांबायचा, बाहेरचा फिरायचा.

अनुजने हरण्याच्या कपाळाला पट्टा बांधून त्यावर छोटा कॅमेरा बसवला. हरण्याने मान झटकली, कॅमेरा कपाशीत पडला. पुन्हा बांधला. पुन्हा पडला. मग तो जुवाला बांधला आणि त्या वजनाने जू एका अंगाला कलायला लागलं. भटू प्रत्येक तासाच्या टोकाला थांबून जू सरळ करायचा. मी मागून खुरपं घेऊन चालले होते. दुपारी बैल सोडले तेव्हा हरण्याच्या खांद्यावर पैशाएवढी लाली आली होती. मी त्यावर लोणी-हळद लावली आणि कॅमेरा लावायचा तर कोळपं संपल्यावर लावा, असं सांगितलं. त्यांच्यातली मुलगी बरी होती, तिने लगेच काढला.

त्याच दुपारी अनुजने भटूला विचारलं की हरण्याला उजवीकडे घेता येईल का. त्या बाजूने ऊन चांगलं पडत होतं. भटूला आधी तो काय म्हणतो हेच कळेना. मग त्याने समजावून सांगितलं. बैल वासरू असताना ज्या बाजूला शिकतो त्या बाजूचाच जन्मभर राहतो. हरण्या डावा, पारवा उजवा. त्यांना उलटं जुंपलं तर ते एकमेकांच्या अंगावर येतील, चालणारच नाहीत. पाणी पाजायला नेतानाही पारवा उजवीकडूनच चालतो. गोठ्यातसुद्धा त्याची जागा उजवीकडे आहे. अनुज म्हणाला, फार सुंदर आहे हे. त्याने वहीत लिहून घेतलं.

मग बिल्ल्यांचं निघालं.

सरकारी दवाखान्यातून जनावरांच्या कानात पिवळा प्लास्टिकचा बिल्ला मारतात, त्यावर बारा आकडे असतात. अनुज म्हणाला, हा पिवळा रंग फार डोळ्यांत येतो, आमचा सिनेमा कुठल्याही काळातला आहे. बिल्ला काढला तर चालेल का? नंतर नवा बसवून देऊ. भटू माझ्याकडे बघायला लागला. मला तो बिल्ला आवडत नव्हताच. आमच्या वेळी बैल नावाने आणि शिंगाने ओळखायचे. पारव्याच्या कानाला तो खुपायचा, माशा बसायच्या. मीच म्हटलं, "काप, बाबा. त्याच्या कानाला तेवढंच हलकं."

पक्कडीने कापले. दोन्ही बिल्ले मी पदराला बांधले आणि घरी आल्यावर देवाच्या कोनाड्यात ठेवले.

आठव्या दिवशी त्यांना पारवा जाण्याचा प्रसंग घ्यायचा होता. सिनेमात दोघा भावांतला एक गाडीत घालून नेतात आणि दुसरा बघत राहतो. खोटं-खोटंच, पण गाडी खरी हवी होती. कोळपणीचा पहिला फेरा त्याच सकाळी संपला होता, म्हणून भटू कबूल झाला. ठरलं असं की टेम्पो एरंडोल नाक्यापर्यंत जाईल आणि परत येईल. भटू टेम्पोत बसायला निघाला तर अनुज म्हणाला, काका, तुम्ही हरण्यापाशी थांबा, त्याला तुमच्याशिवाय कोण आवरणार? हेही खरं होतं.

पारवा टेम्पोत चढेना. त्याला कधी गाडीत घातलाच नव्हता. चार माणसांनी मागून रेटला. फळी वाजली, आत त्याचे खूर घसरले, आणि हरण्याने दावं ताणलं. एवढा शहाणा बैल, पण खुंटा अर्धा वर आला. टेम्पो वळणावर दिसेनासा झाला तरी तो मान वर करून हंबरत होता. गाय हंबरते तसा बैल हंबरत नाही. तो आवाज पोटातून येतो आणि गळ्यात अडकतो. कॅमेरा त्याच्या डोळ्याजवळ होता. अनुज हलक्या आवाजात म्हणत होता, चालू ठेव, चालू ठेव.

टेम्पो नाक्यावर थांबला नाही. हमरस्त्यावर संध्याकाळचं ऊन चांगलं होतं म्हणून आतल्या कॅमेरावाल्याने पुढे नेला. थेट नशिराबादच्या अलीकडे. तिथे रस्त्यावर जनावरं नेणाऱ्या गाड्या तपासणारी काही पोरं उभी होती. त्यांनी टेम्पो अडवला. कागद नाही, मालक नाही, बैलाच्या कानात बिल्ला नाही, बिल्ल्याच्या जागी नुसतं भोक. सिनेमा आहे म्हटलं तर कोण ऐकतं? पोलीस आले. टेम्पो ठाण्यात गेला आणि पारवा जळगावच्या बाजूच्या एका गोशाळेत.

आम्हाला हे दिवेलागणीला कळलं. अनुज म्हणाला, घाबरू नका, मी सगळं करतो, दोन दिवसांत बैल परत.

दोन दिवसांचे अकरा झाले तरी पारवा आला नाही.

भटू रोज सकाळी आंघोळ करून धुतलेला शर्ट घालून ठाण्यात जायचा. पहिल्या दिवशी त्याला बाहेरच्या बाकावर दुपारपर्यंत बसवलं. दुसऱ्या दिवशी एकाने विचारलं, कसायाला दिला होता का? पकडला गेला म्हणून आता शेतकरी झाला? भटू पन्नाशीचा माणूस. त्याने खिशातून लसीचं कार्ड काढून दाखवलं. कार्डावर आकडा होता, पण तो आकडा बैलाच्या कानात नव्हता. तो घरी आला आणि मला काही न सांगता विहिरीवर जाऊन बसला. मला ते प्रेमराजकडून कळलं. गावातही एक-दोन जणांनी विचारलंच. सिनेमाचं नुसतं नाव ना, भटू भो? हसत विचारलं, पण विचारलं.

इकडे चौथ्या दिवशी पाऊस झाला आणि पुन्हा उघडीप पडली. दुसरा फेरा घालायची वेळ आली होती. तण आता नाही धरलं तर कपाशीच्या वर जातं. केणा, कुंदा, हराळी, सगळं एकदम उठलं. लताबाई आणि मी खुरपी घेऊन बसलो. तिचे गुडघे धरलेले, माझी कंबर. दिवसभरात आम्ही दोघींनी कपाशीचे चार तास खुरपले आणि मागे वळून बघितलं तर पहिल्या तासात पुन्हा हिरवं दिसत होतं. डिंपल कॉलेज बुडवून आली. ती सिनेमाबद्दल काही बोलायची बंद झाली होती.

भटूने वनाचा एक बैल मागून आणला. वना आमच्या भावकीतला, त्याने हसतमुख दिला. पण तो बैलही डावा. भटूने तरी त्याला उजवीकडे घेऊन बघितलं. दहा पावलांत दोघांनी एकमेकांना ढकललं आणि कपाशीची एक ओळ आडवी झाली. दुसरीकडून उजवा मिळाला, तर हरण्या तासात बसला. उठेना. पारवा गेल्यापासून त्याने धड वैरण खाल्ली नव्हती. गोठ्यात तो आपल्या डाव्या कोपऱ्यातच उभा राहायचा, अर्धी जागा रिकामी ठेवून. हौदावर नेलं तर दोन घोट घ्यायचा आणि मान रस्त्याकडे.

त्या दिवशी भटूने त्याला मारलं. पराणी उचलली आणि पाठीत एक फटका दिला. सात वर्षांत पहिला. मग पराणी टाकून दिली, तासातच खाली बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. कॅमेरा बांधावर होता.

तो फटका सिनेमात चार वेळा आहे. मी मोजले. खाली बसलेला भटू एकदाही नाही.

हो, ते लोक गेले नव्हते. रोज येत होते. हरण्या बसलेला, हरण्या न खाणारा, हरण्याच्या डोळ्यातलं पाणी आणि त्यावर बसलेली माशी. माशी हाकलायला मी हात पुढे केला तर अनुज म्हणाला, आज्जी, एक मिनिट राहू द्या. मी त्याला रोज विचारायचे, पारव्याचं काय झालं? तो म्हणायचा, प्रोसेस चालू आहे.

दहाव्या दिवशी मी गोठ्यामागे शेण गोळा करत होते. कुडाच्या पलीकडे अनुज फोनवर बोलत होता. पलीकडे कोणी वकील असावा. अनुज म्हणाला, "अजून चार-पाच दिवस तरी नको सोडवू त्याला. जोडीदार आला की हा खायला लागेल. मला असा बैल पुन्हा मिळणार नाही."

माझ्या हातात शेणाची पाटी होती. ती मी खाली ठेवली. तिथल्या तिथे त्याला चार शब्द सुनावावेत असं मनात आलं, पण शब्दांनी पारवा घरी येणार नव्हता. घरात गेले, हात धुतले. कोनाड्यातून पारव्याचा बिल्ला घेतला. प्रेमराजला म्हटलं, उद्या सकाळी जळगावला जायचं आहे, तुझी रिक्षा काढ. भटूला म्हटलं, कोळपणीचं जू रिक्षात टाक. तो म्हणाला, जू कशाला? मी म्हटलं, टाक तू.

सुभाषचंद लाडकुंवरबाईंचा धाकटा, अनुजचा आजोबा. मी लग्न होऊन आले तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता आणि आमच्या बैलांच्या पाठीवर बसून नदीवर जायचा. आता त्याला दिसायला कमी झालं आहे. मोठ्या घराच्या व्हरांड्यात पांढरा झब्बा घालून बसला होता. मला बघून उठला, सुनेला हाक मारली, माझ्यासाठी खुर्ची ओढली. मी बसले नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. बिल्ला कापायला मीच हो म्हटलं, तेही सांगितलं. फोनवरचं बोलणं सांगितलं, शब्दाला शब्द.

तो पुन्हा खुर्चीत बसला. मग म्हणाला, "भाभी, त्यानी माले सांगं, बैल घर पोहची गया." चपला शोधायला त्याने पाय खाली टाकले तेव्हा ते चाचपडत होते. मी चपला पुढे सरकवल्या. "चाला. मी येस."

त्याने नातवाला फोन करून गोशाळेवर बोलावलं. सुभाषचंद पुढे, माझ्या शेजारी, मागे भटू जू धरून बसलेला. असे आम्ही त्या लोडिंग रिक्षातून गेलो. त्याचा नोकर मोटार काढत होता. सुभाषचंदच नको म्हणाला.

गोशाळा मोठी होती, पत्र्याच्या चार लांब शेड. स्वच्छ होती, खोटं कशाला बोलू? तोतारामभाऊ म्हणून तिथला कारभारी होता, सरळ माणूस. त्याने रजिस्टर उघडलं. पारवा आला त्या आठवड्यात राखाडी बैल पाच आले होते, पाचही बिल्ल्याशिवाय. रजिस्टरात पाचहीपुढे एकच शब्द, 'पांढरा'. मी पदरातून बिल्ला काढून त्याच्यापुढे ठेवला. तो वाईट वाटल्यासारखं म्हणाला, "अक्का, बिल्ला बैलाच्या कानात पाहिजे. तुमच्या मुठीत असून मी काय करू? उद्या दुसरा कोणी येईल आणि हाच बैल माझा म्हणेल."

तेवढ्यात अनुजची गाडी आली. आजोबांना बघून तो जरा वरमला, पण कॅमेरा बरोबर होताच. पाचही बैल मधल्या मोकळ्या जागेत सोडले होते. अकरा दिवसांत पारव्याच्या अंगावर दुसऱ्याच रंगाचा चिखल वाळला होता, एक शिंग कशाला तरी घासून खरचटलं होतं. मी त्याला ओळखलंच होतं. पण मी अनुजला म्हटलं, "बाबा, तू वीस दिवस त्याच्या डोळ्यांनी बघतो आहेस. दाखव बघू, आमचा कोणता?"

त्याने पाचांकडे बघितलं. मग एकाकडे हात केला. तो दुसराच होता. तोतारामभाऊ माझ्याकडे बघायला लागला, मी हसेन असं त्याला वाटलं असावं. मी हसले नाही.

भटूला म्हटलं, जू धर. त्याने डावं टोक धरलं, मी उजवं. माझ्याच्याने ते जड जू खांद्याएवढं उचलेना. सुभाषचंद येऊन माझ्या हाताखाली हात लावून उभा राहिला. भटूने जीभ टाळूला लावून 'च्' केलं.

चार बैल जागचे हलले नाहीत. पारव्याने मान वर केली. तो आला. भटूचं टोक त्याला जवळ होतं, पण तिथे तो थांबला नाही. भटूला वळसा घालून, जुवाच्या पुढून, तो उजव्या टोकाशी आला आणि मान खाली घालून जुवाखाली उभा राहिला. दावं नव्हतं, कोणी ओढत नव्हतं. त्याचा ऊन श्वास माझ्या मनगटाला लागला. मग त्याने डावीकडे बघितलं. तिथे हरण्या नव्हता. तो तसाच उभा राहिला, हरण्याला यायला उशीर होत असावा तसा.

तोतारामभाऊने टोपी काढली आणि पुन्हा घातली. म्हणाला, लिहून देतो, असाच्या असा लिहून देतो.

सुभाषचंदने नातवाला सांगितलं होतं, ते यंत्र खाली ठेव. आजोबांना नीट दिसत नाही. पोराने ते खाली ठेवलं नव्हतं, हे मला नंतर कळलं.

तोतारामभाऊच्या कागदावर पुढे कोर्टाचा हुकूम व्हायला आणखी नऊ दिवस गेले. सुभाषचंद तिन्ही तारखांना स्वतः आला आणि भटूशेजारी बाकावर बसला. पारवा घरी आला त्या दिवशी हरण्याने त्याला चाटलं वगैरे काही नाही. वासही घेतला नाही. नुसता सरकून जागा केली, आणि संध्याकाळी दोघांनी गव्हाणीतली वैरण संपवली. कपाशीचं अर्धं रान मात्र तणात गेलं होतं. जी झाडं वाचली ती गुडघ्याएवढीच राहिली. अनुजची माणसं त्याआधीच निघून गेली होती. बिल्ले त्यांनी बसवून दिले नाहीत. भटू दवाखान्यात जाऊन बसवून आला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी तूप-हळद लावून बैलांचे खांदे मळताना हरण्याच्या पाठीवर हात फिरवत भटू बराच वेळ बसून राहिला. फटका मारला होता त्याच जागेवर.

फाल्गुनात अनुज सिनेमा घेऊन आला. परदेशात दाखवला होता, बक्षीस मिळालं होतं. गावाचं ऋण म्हणून आपल्याकडे आधी गावाला दाखवतो, म्हणाला. बरोबर मुंबईचे दोन पाहुणे होते. गावच्या सभागृहात सकाळी अकराला खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार केला, भिंतीवर पांढरं कापड लावलं. भटूला पहिल्या रांगेत बसवून त्याच्या खांद्यावर शाल घातली. त्याच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला डिंपल. मागे सगळं गाव.

सुरुवातीला लोकांना मजा वाटली. आपली विहीर, आपला पार, प्रेमराजचे पाय. मग बैल बोलायला लागला. आवाज एखाद्या नटाचा, जाड, पुस्तकी मराठी बोलणारा. तो म्हणाला, माझं तोंड बांधतात, कारण मी बोलेन याची त्यांना भीती वाटते. मागून वना म्हणाला, "कपाशी खाशी म्हणीसन बांधतस रे बावा." सभागृह हसलं.

फटका आला. पुन्हा आला. मग गोशाळेतला पारवा दिसला, जुवाखाली मान घालणारा. जू धरणारे हात चित्रातून कापून टाकले होते, नुसतं जू आणि मान. आवाज म्हणाला, आम्ही इतके मोडलो आहोत की जोखड दिसलं की स्वतःच मान देतो. तो पारवा घरी यायला धडपडत होता. ते या पोराने डोळ्यांनी बघितलं होतं. आणि बाजूही उलटी. चित्र फिरवलं होतं, पारवा डावीकडे दिसत होता. पुढे हरण्याही कधी डावीकडे, कधी उजवीकडे. मागची माणसं कुजबुजायला लागली. हा बैल कोणता? हा तर उजवीकडे होता ना?

मग टेम्पो आला. फळी वाजली. पारव्याचे खूर घसरले. हरण्याचा डोळा पडदाभर, त्यावर बसलेली ती माशी. आवाज म्हणाला, "मालकाने माझ्या भावाला सुरीकडे धाडलं. त्याच्या हाताला मला भावाचा वास येत होता. तो हात तो धुवत राहिला." आणि पडद्यावर भटूचे हात. ठाण्यात जायच्या आधी सकाळी दगडावर साबण लावून धुतलेले.

लोक पडद्याकडे बघत नव्हते, पहिल्या रांगेकडे बघत होते. त्यांना सगळं ठाऊक होतं, तरी बघत होते. पाहुण्यांतला एक जण मान पुढे काढून भटूचे हात बघत होता. भटूने हात शालीखाली घेतले. डिंपल म्हणाली, "बाबा." तो उठला. शाल घडी करून खुर्चीवर ठेवली आणि वाकून, कोणाच्या आड येऊ नये म्हणून पडद्याखालून वाकून, बाहेर गेला.

मी अनुजला म्हटलं, "हे काढून टाक."

तो शेजारी येऊन बसला आणि हळू आवाजात म्हणाला, आज्जी, हे भटूकाकांबद्दल नाहीच. हे सगळ्या माणसांबद्दल आहे. बैलाला वाटतं तसं आहे.

"बैलाला काय वाटतं ते तुला कोणी सांगितलं?"

तो म्हणाला, कल्पना करावी लागते. आणि आता काही बदलता येत नाही, सिनेमा सगळीकडे गेला आहे.

"तुझ्या पणजीने दावं हातात देताना तोंड फिरवलं होतं," मी म्हटलं. "गायीला काय वाटत असेल, याची कल्पना तिलाही होतीच. ती गप्प बसली."

तो काही बोलणार होता. तेवढ्यात सभागृहाचं मोठं लोखंडी दार करकरलं. दोन्ही कवाडं भिंतीला जाऊन आपटली आणि फाल्गुनाचं भर दुपारचं ऊन आत आलं. पडद्यावरचं चित्र जागच्या जागी पुसलं गेलं. नुसतं पांढरं कापड राहिलं. आवाज मात्र चालूच होता. माझा भाऊ परत आला नाही, म्हणत होता. मी रोज रस्त्याकडे बघतो, म्हणत होता.

दारात पारवा उभा होता. कानात पिवळा बिल्ला. त्याच्या डावीकडे हरण्या. मध्ये दोन्ही दावी हातात घेऊन भटू.

भटूला चार माणसांत बोलता येत नाही. तो पाहुण्यांकडे बघून म्हणाला, "हाऊ पारवा शे. उजवीकडला."

हरण्याने शेण टाकलं. कोणी हसलं नाही. मागच्या रांगेतले म्हातारे उठून उभे राहिले, मग बायका, आणि सगळ्यांनी दाराकडे तोंडं फिरवली.

अनुज म्हणाला, दार लावा कोणीतरी, शेवट राहिलाय.

दार कोणी लावलं नाही.